अंगणातून आणलेला प्रभार

प्रिय लोलका,

आपल्या वर्गात सगळे मिळून कविता म्हणायला लागलो की खिडकीची सैल काच झणझणायची. तो आवाज आज सकाळपासून कानात आहे. तुझ्या गुडघ्यांना आणि वहिनींना नमस्कार. (क्रम चुकला असेल तर पत्र वहिनींना दाखवू नकोस.) आम्ही दोघं बरे आहोत. नात मात्र भौतिकशास्त्रात नापास झाली, आणि आज तिची फेरपरीक्षा, तीही तोंडी. आज अडकली तर विज्ञान शाखा सुटली, असं तिच्या सरांनी बजावलंय.

तिला विद्युत विभवाची व्याख्याच पाठ होईना. एकक धन प्रभार अनंतापासून एखाद्या बिंदूपर्यंत आणायला जे कार्य करावं लागतं, ते त्या बिंदूचं विभव. (म्हणून बघ, कवळी सांभाळून.) मी म्हटलं, हात्तिच्या, वृत्तात बसवू. आणि भुजंगप्रयातात बसवलंसुद्धा:

धनाचा कणू एक हाती धरावा
पुढे अंगणातून बिंदूस न्यावा

मग प्रात्यक्षिक. ओट्यापाशी उभी असलेली आमची ही म्हणजे मोठा धन प्रभार, आणि मी एकक. सजातीय प्रभार एकमेकांना दूर लोटतात, हे काही मला नव्यानं शिकायचं नव्हतं. अंगणातून निघालो तेव्हा चाल सोपी होती. उंबऱ्याशी पाय पुसण्यावरून विरोध सुरू झाला, आणि ओट्यावरच्या बिस्किटांच्या डब्याशी, म्हणजे बिंदूशी, पोचेपर्यंत मला घाम फुटला. मागच्या दारानं येऊन पाहिलं, तेवढाच घाम. नात हसून लोळली, आणि कविता खडाखडा म्हणत परीक्षेला गेली.

ती गेल्यावर चहा घेताना आठवलं. अनंताच्या जागी मी अंगण घातलंय, हे तिला सांगायचंच राहिलं.

तुझा,
यमक्या

ता. क. मुद्द्याचं बोलतो. तू जन्मभर हा विषय शिकवलास. अनंत आणि अंगण यांत फारसा फरक नाही, असं तुझ्या सहीनिशी चार ओळींत लिहून पाठव. सरांना दाखवीन.

आणखी एक. वृत्तासाठी करावं लागलं, असं मात्र लिहू नकोस. 'अनंतातुनी' तिथं चपखल बसत होतं. पण अनंतातून काही घेऊन येणारं माणूस मला दिसेना. अंगणातून येणारं लगेच दिसलं.

शेवटचं. दार वाजलं म्हणून उठलो, तर तिचे सर स्वतः, सायकल हातात धरून, आणि मागे नात. मी माफी मागायला तोंड उघडलं, तर म्हणाले, "आजोबा, अंगण कसं काय, असं मी विचारलं हिला. म्हणते, सर, कुठूनतरी मोजायचंच, तर घरापासून का नको? आता शून्य विभव कुठं मानायचं ते आपल्यावर असतं हे खरंच, त्यामुळे पास केली." मग जरा घुटमळले. चुंबकत्वाचा धडा सगळ्या वर्गाला जड जातोय म्हणे. तेवढा बसवून द्याल का?