बाबांच्या नावावरची पुस्तकं

आई, तू जाऊन नऊ वर्षं झाली आणि गेल्या महिन्यात बाबांचा शाल-श्रीफळ देऊन सत्कार झाला. पुस्तकं वाचल्याबद्दल. तू पदर तोंडाला लावून हसली असतीस. मला हसू येत नाही. तेव्हापासून तोंडाला जी कडू चव आली आहे ती आमसुलाच्या सारानेही जात नाही.

नीट सांगतो. आपल्या वाचनालयात आता दर शनिवारी दुपारी बायकांचं वाचक मंडळ भरतं. बायकांनी लिहिलेलं वाचायचं आणि बायकांनीच त्यावर बोलायचं. मी दुसऱ्या वर्षाला कॉलेज सोडलं. सरांशी वाजलं, जर्नल त्यांच्या टेबलावर आपटून निघालो, तुला ते आवडलं नसतं. हल्ली स्टँडजवळ रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात बसतो. मंडळाला माईक आमच्या दुकानातून जातो, म्हणून मला तिथे शिरकाव. खरं कारण मंडळाची चिटणीस. ती शेवटच्या वर्षाला आहे, बोलण्याच्या भरात चष्मा डोक्यावर सारते आणि मला नुसतं ‘माईकवाले’ म्हणायची. तेवढ्यावर मी वर्ष काढलं.

आठ मार्चच्या कार्यक्रमासाठी तिच्या डोक्यात आलं की गावात पूर्वी बायकांची पुस्तकं कोण वाचायचं ते शोधून काढू. तिने वाचनालयाच्या जुन्या वह्या उपसल्या. वहीत बायकांची नावं जवळजवळ नाहीतच, सभासद सगळे पुरुष. पण एका पुरुषाच्या नावावर पानंच्या पानं. बाईने लिहिलेलं म्हणून जे जे वाचनालयात होतं ते सगळं त्याने नेलेलं. तिने वही माझ्यापुढे धरली. “माईकवाले, हे तुमचे वडील ना?” एका नोंदीपुढे शेरा होता, ‘पुस्तक शेणाने खराब.’ ती म्हणाली, “बघा, गोठ्यातसुद्धा वाचत असणार. असा माणूस आपल्या गावात होता आणि आम्हाला पत्ता नाही.” मंडळातल्या एक म्हाताऱ्या बाई सुपारी कातरत होत्या. त्या म्हणाल्या, “घरातल्या बाईने नेली असतील गो.” सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. तीही. वर्षभरात पहिल्यांदा तिने माझ्याकडे नीट बघितलं होतं. मी म्हटलं, “आईला कुठला वेळ हो.”

मी म्हटलं हे. कोणीही काही बोललं की अंगावर धावून जाणारा मी.

ते शेण मला लख्ख आठवतं. तू पाटावर बसली आहेस, निखाऱ्यात फणसाच्या आठळ्या भाजायला टाकल्या आहेत, एका हातात पुस्तक आणि दुसऱ्या हातातला डाव भातात नुसताच उभा. भात खाली लागतो. वास ओटीवर जातो, बाबा आत येतात. “चूल सांभाळता येत नाही आणि निघाल्या पंडिता.” पुस्तक मागच्या दारातून उडतं ते थेट परड्यातल्या शेणाच्या पाटीत. तू मागच्या दाराने जातेस. उचलतेस, पदराने पुसतेस, चुलीच्या उबेला धरून एकेक पान सोडवतेस. दुसऱ्या दिवशी नेहमीसारखं वाचनालयात परत करायला ते माझ्या हातात देताना म्हणालीस, “मेल्या, बाबांचं नाव घेऊ नकोस हो. माझ्या हातून पडलं म्हण.” मी तसंच सांगितलं. ग्रंथपालांनी शेरा लिहिला तो बाबांच्या ओळीत, कारण तुझी ओळच नव्हती. आणि पानं सोडवता सोडवता तू मला एक सांगितलं होतंस. “या बाईने सगळं लिहिलंन रे. सासरे जेवले, दीर जेवले, पाहुणे जेवले. आपण कधी जेवली ते एकदाही नाही. मी तेच शोधत होते, म्हणून भात लागला.”

कार्यक्रमाला बाबा परीटघडीची टोपी घालून बसले होते. माईकसमोर म्हणाले, “स्त्रियांनी वाचलंच पाहिजे. आमच्या घरात मी पहिल्यापासून तेच वातावरण ठेवलं.” टाळ्या पडल्या. टाळ्या वाजवणाऱ्यांत आपल्या वाडीतल्या दोघी होत्या, ज्यांनी तुला परड्यात उभ्याने वाचताना शंभरदा बघितलं होतं. मला त्यांची किळस आली, बाबांची आली. माझा हात ॲम्प्लिफायरच्या बटणावर होता. एक पीळ दिला असता तर बाबांचे नुसते ओठ हलत राहिले असते. तेवढ्यात ती मागच्या रांगेतून तळहात वर-वर करून खुणावू लागली, आवाज वाढवा. मी वाढवला. बाहेर माडाला बांधलेल्या कर्ण्यातून ते वातावरण पार मच्छी मार्केटपर्यंत गेलं. घरी येऊन बाबांनी शाल ट्रंकेत ठेवली आणि मला विचारलं, “कसली रे पुस्तकं ती? कोणी विचारलंन तर सांगायला नको?”

दुसऱ्या दिवशी ती दुकानात आली. म्हणाली, तुमच्या घरात पुस्तकांवर बोलणं होत असेल. मी सोल्डरिंग गन खाली ठेवली आणि म्हणालो, मला एक नेहमी वाटतं. बाई सगळ्यांची जेवणं लिहिते, आपण कधी जेवली ते लिहीत नाही. तिने डोक्यावरचा चष्मा सावकाश खाली घेतला. पिशवीतून वही काढून वाक्य उतरवून घेतलं, त्याखाली माझं नाव लिहिलं आणि म्हणाली, “किती वेगळं बघतोस रे तू.” तुम्हीचं तू झालं. बाबांचा मला वीट आला आहे, पण त्यांच्या नावावर निदान दुसऱ्यांनी लिहिलं. मी मात्र, तिने विचारल्यावर, माझं नाव ऱ्हस्व-दीर्घासकट सांगितलं.

त्यानंतर तीन शनिवार झाले. दर शनिवारी ती काहीतरी विचारते आणि मी तुझं काहीतरी देतो. तू आठळ्या सोलता सोलता बोललेलं, माझं डोकं विंचरता विंचरता बोललेलं. मंडळात मला आता बसायला खुर्ची मिळते.

हे पत्र कुठे टाकायचं नाही, तेव्हा खोटं कशाला लिहू. तुझी फार आठवण आली म्हणून लिहायला बसलो नाही. उद्या शनिवार आहे, आणि तू सांगितलेलं संपत आलंय. लिहिता लिहिता आणखी एखादं आठवेल असं वाटलं होतं.