ताईची एफडी आणि माझा अभ्यास

२ जानेवारी
आजपासून मी इन्व्हेस्टर. दातांच्या लॅबमधून घरी येताना ठरवलं. आयुष्यभर दुसऱ्यांचे दात बनवले. दात नीट बसला की पेशंट डॉक्टरचं कौतुक करतो, भट्टीसमोर बसलेल्या माझं नाही. आता पैसा माझ्यासाठी राबेल. मोबाईलवर डीमॅट खातं उघडलं. फोटो पुन्हा पुन्हा रिजेक्ट. चेहरा स्पष्ट नाही म्हणे. बायकोला सांगितलं, तर म्हणाली, आधी गळका नळ बघा. दूरदृष्टी सगळ्यांना नसते.

५ जानेवारी
नवशिक्यांसाठीचे व्हिडिओ पाहिले. शेअर म्हणजे कंपनीतला छोटासा हिस्सा. ती कमावेल तर आपण कमावू, ती बुडाली तर आपणही. सगळे पैसे एकाच कंपनीत घालायचे नाहीत. घरखर्चाला लागणारे घालायचे नाहीत, उसने तर नाहीच. रोज भाव बघत बसायचं नाही. इतकं सोपं असून लोक बुडतात कसे? शिस्त नसणार.

११ जानेवारी
पाच कंपन्यांचे थोडे थोडे शेअर घेतले. भाव बघितला नाही. म्हणजे फक्त चहाच्या वेळी, जेवताना आणि भट्टी तापेपर्यंत. एवढं चालतं.

३० जानेवारी
पाचही कंपन्या ढिम्म. लॅबला माल पुरवणारा सेल्समन आला होता. कायम टाय लावतो, म्हणून आम्ही त्याला टायवाला म्हणतो. दाताच्या कॅपसाठी आम्ही जी नवी, स्वस्त पावडर वापरतो, ती बनवणाऱ्या कंपनीचा शेअर म्हणे रॉकेट आहे. पाचही विकून तोच घेतला. एकाच कंपनीत घालू नये हे खरं. पण तो नियम कंपनी माहीत नसणाऱ्यांसाठी. मी तिची पावडर रोज हातात धरतो!

१४ फेब्रुवारी
भाव चढतोय. भट्टीतून काढलेल्या कॅपना तडे. मालक ओरडले. भट्टीचंच काहीतरी असणार.

२६ फेब्रुवारी
ताईकडे गेलो. दाजी गेल्यावर विम्याचे पैसे आले, ते तिने एफडीत टाकलेत. व्याजातून तिच्या खोलीचं भाडं जातं. झोपलेला पैसा! तिला बेसिक्स समजावले. ती कांदा चिरत ऐकत होती. विचारलं, ही कंपनी करते काय? म्हटलं, दातांची पावडर. म्हणाली, चांगली असते का? म्हटलं, अगं, भाव दुप्पट झालाय. म्हणाली, ते नाही विचारलं मी.
एफडी मोडून हाच शेअर घेऊ, भाडं मी दर महिन्याला देईन म्हणालो. मग म्हणाली, तू म्हणतोस तर कर बाबा, मला त्यातलं कळत नाही. डोळ्यांत पाणी होतं. माझ्याबद्दलचा अभिमान असणार. किंवा कांदा.
बायकोला इतक्यात सांगायचं नाही. सरप्राइज.

१० मार्च
मालकांनी ती पावडर बंद केली. डॉक्टरांकडून कॅप परत येतायत. एका बाईची नोकरीच्या मुलाखतीत बोलता बोलता निखळली. मालकांना धीर कमी. शेअरही जरा उतरला, पण याला करेक्शन म्हणतात. अशा वेळी आणखी घ्यायचे, म्हणजे सरासरी भाव खाली येतो. मालकांकडून पगारातून उचल घेतली. कशाला हवी विचारलं, नळ सांगितला. उसने पैसे नव्हेत हे. माझाच पगार, फक्त पुढचा.

२ एप्रिल
भाव निम्मा. ताईला भाडं दिलं, नफ्यातून म्हणून सांगितलं. एका अर्थी खरंच आहे. नफा व्हायचाच आहे, मी फक्त आगाऊ दिला. तिने डब्यात लाडू भरून दिले. एकही खाल्ला नाही. पित्त झालंय बहुतेक.

१९ एप्रिल
कंपनीच्या ऑडिटरने राजीनामा दिला. तब्येतीचं कारण असेल. टायवाला फोन उचलत नाही. त्याचीही तब्येत बरी नसेल. विकत नाही तोवर तोटा नसतो, फक्त स्क्रीनवर दिसतो. मी स्क्रीन बघायची बंद केली. शिस्त आली अंगात.

७ मे
शेअरचे व्यवहार थांबवलेत. हिशेबात घोळ, चौकशी वगैरे. सकाळी मनाचा हिय्या करून विकायला गेलो, तर बटणच दाबलं जाईना. चांगली बाजू अशी की आता भाव आणखी पडू शकत नाही.

२१ मे
भाडं द्यायला पैसे उरले नाहीत. ताईला सांगावं लागलं. सुरुवात जागतिक परिस्थितीपासून केली. तिने मध्येच थांबवलं. म्हणाली, सगळे गेले का? म्हटलं, तांत्रिकदृष्ट्या गेले नाहीत, अडकलेत. म्हणाली, मला मिळतील का? मी मोबाईलवर चौकशीची बातमी काढू लागलो. तिने उठून गॅस बंद केला. भाजी लागली होती. पाठमोरीच म्हणाली, त्यांच्या माघारी तेवढंच होतं रे. मग विचारलं, तू जेवलास का?
रडली असती तर बरं झालं असतं. मला समजूत घालता आली असती.

२२ मे
बायकोला सगळं कळलं. ताईला आपल्याकडे राहायला आणते म्हणून गेली आणि एकटीच परतली. ताई म्हणाली म्हणे, त्याच्या घरात त्याच्यावर रागावता येणार नाही मला.

१२ जून
ताईने काम धरलं. हॉस्पिटलच्या धुलाई विभागात चादरींच्या घड्या घालायचं. साठी उलटलीय, पण घरात बसून कंटाळतच होती, मी नेहमी म्हणायचो. उभ्याचं काम, व्यायाम होतो. चार माणसं भेटतात. म्हटलं तर चांगलंच झालं.

३ जुलै
सुट्टी होती, ताईला कामावरून घरी सोडायला गेलो. धुलाई विभाग तळघरात आहे. खिडकी नाही, वाफ नुसती. काचेतून दिसली. दुसऱ्या बाईने चादरीची दोन टोकं धरलेली, दोन हिने. प्रत्येक घडीला कमरेत वाकत होती. मधूनच मनगट चोळत होती.
मुकादम बाईंनी हटकलं, कोण हवंय? मी ताईकडे बोट दाखवलं. म्हणाल्या, तुम्ही त्यांचे कोण? म्हटलं, सख्खा भाऊ. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. म्हणाल्या, कामावर ठेवताना विचारलं होतं आम्ही, अडीअडचणीला कोणाला कळवायचं. माझं कोणी नाही म्हणाल्या.
मशीनचा आवाज फार होता. त्यांनी चुकीचं ऐकलं असेल.
ताई बाहेर आली. तू कशाला आलास, एवढंच म्हणाली. बसस्टॉपपर्यंत मी तिला बाजार सावरतोय वगैरे सांगणार होतो. त्याऐवजी तिची पिशवी घेऊ का विचारलं, तिने दिली नाही. बसमध्ये कंडक्टर आला. मी खिसे चाचपत राहिलो. तिने पदराची गाठ सोडली आणि दोन तिकिटं काढली.
मी नको म्हणालो नाही.