नव्या गव्हावरचा बर्फ

प्रिय बाबा,

तुमच्या गुनवोरचा नमस्कार. मी बरी आहे, लोकरीचे मोजे रोज घालते. तुमचा गुडघा कसा आहे?

पावसानंतर एकदम गोठलं आणि आमच्या संशोधन केंद्राच्या नव्या वाणाच्या गव्हावर बर्फाचा जाड थर बसला. खाली रोपं गुदमरताहेत. हे वाण हिवाळ्यात तगतं का, ते यंदाच ठरायचं होतं.

माझा सहकारी बिर्येर फावडं घेऊन धावला. मी त्याला अडवलं.

"मग नुसतं बघत बसू?"

"हो. आपण वाचवलं तर परीक्षा कसली?"

तो बांधावर बसून रडला.

आज थोडी रोपं खणली आणि बर्फ वितळून जिवंत आहेत का ते तपासायला उबेला ठेवली. मुळं कुजलेली निघाली. बाकीचं शेत अजून बर्फाखाली आहे.

आईला एवढंच सांगा, मी नीट जेवते.

तुमचीच,
गुनवोर