आईच्या मनगटावरची लाल पट्टी

४ ऑगस्ट
आईला घरी आणून नववा दिवस. डोळे उघडे, ओळख नाही. बाबा तिला शब्दकोडं वाचून दाखवतात. उत्तरासाठी थांबतात.

७ ऑगस्ट
वकीलभाई आले. केस ग्राहक आयोगात घालायची. ज्या इंजेक्शनने आई अशी झाली, त्याची ॲलर्जी ॲडमिट करतानाच सांगितली होती, फाइलच्या पहिल्या पानावर आहे. हॉस्पिटल म्हणतं, चूक एकट्या नर्सची, तिला काढलं. नर्स म्हणते, हातावर ॲलर्जीची लाल पट्टी नव्हती.
"बेन, पट्टो हतो ने?" त्यांनी मला गुजरातीत विचारलं.
"होती," बाबा म्हणाले. "मी स्वतः पाहिलीय."
मी चहा टाकायला उठले.

८ ऑग.
लिहून टाकते. पट्टी मी कापली.
ऑपरेशनचा दुसरा दिवस, शुक्रवार. बांगड्या उतरवलेल्या. आईचं एकच चाललेलं, "तुझे बाबा समोर बसणार, आणि माझे हात मोकळे?" एका हाताला सलाइन. दुसऱ्यावर पट्टीमुळे बांगडी चढेना. सफरचंदाची सुरी होती. दोन हिरव्या बांगड्या भरल्या. "आत्ता कशी माणसांत आले!"
पट्टी पर्समध्ये. नर्सला सांगू म्हटलं, राहिलं. दोन तासांनी इंजेक्शन.
फाइल कुणी उघडली नाही. हेही खरंच.

१२ ऑग.
फतेगंजला औषधाच्या दुकानात काउंटरवर तीच नर्स. हेतल. पादरा गावाहून येते. मी वळत होते, तिनेच हाक मारली.
"दीदी, मम्मी खाय छे?"
"नळीने."
गोळी कशी कुटायची, दाखवलं. मग हळूच, "बे वॉर्ड, ने हुं एकली. फाइल जोई नहीं, मारी भूल. पण बंगडी हती दीदी, पट्टो नहोतो. घरमां पण कोई मानतुं नथी." दोन वॉर्डांना ती एकटी, आणि आता घरचेही तिचं खरं मानत नाहीत.
सुटे पैसे न घेताच निघाले.

१३ ऑग.
वकीलभाईंना फोन. पट्टी घरच्यांनीच काढली असेल तर?
म्हणाले, तरी फाइल बघायलाच हवी होती. "तोय फाइल जोवी पडे. जवाबदारी हॉस्पिटलनी." मग, "पण बेन, आवुं कोईने कहेता नहीं." असं कुणाला सांगायचं नाही.
बाबांना सांगायचं म्हणजे बांगड्या कुणासाठी भरल्या, तेही सांगायचं.

१४ ऑग.
प्रतिज्ञापत्र आलं. कलम सहा: इंजेक्शनच्या वेळी पट्टी हातावर होती. खाली बाबांची सही. शेजारी माझी जागा.
पट्टी पर्समधून काढली. आईचं नाव स्वच्छ वाचता येतं.
शब्दकोडं घेऊन आईजवळ बसलेल्या बाबांना म्हटलं, बोलायचंय.
"थांब. हिला एवढा एक शब्द येऊ दे."
थांबलेय.