पिंकीचं माहेर झोटवाड्यात

जयपूर (तारीख पोस्टाच्या शिक्क्यावर बघ)

ती. ताईस नंदूचा नमस्कार.

दसऱ्यापासून रोज लिहीन म्हणत होतो. अंतर्देशीय आणलं, त्यावर चहा सांडला. दुसरं आणायला निघालो तर वाटेत पतंगवाला भेटला (इथं संक्रांतीला अख्खं गाव गच्चीवर असतं, पण ते राहू दे). तुझी कंबर कशी आहे? भाऊजींचा माझ्यावरचा राग? दोन्हींना उतार असेल असं धरून चालतो.

इकडे माझ्याकडे बाळंतपण आहे. घाबरू नकोस, कुत्रीचं आहे. विद्याधर नगरात बँकेतले आनंदराव राहतात, सांगलीकडचे. रविवारी त्यांच्याकडे मला वरणभात मिळतो. छावणीतल्या एका सुभेदारसाहेबांची बदली झाली तेव्हा त्यांचं पॉमेरेनियन पिल्लू माझ्या गळ्यात पडलं होतं. ते मी आनंदरावांच्या रत्नप्रभाकाकूंना देऊन टाकलं (मीच कुठं टिकत नाही, कुत्रं काय सांभाळणार). तीच ही पिंकी. परवा काकू रिक्षातून उतरल्या, कडेवर पिंकी, हातात डिंकाच्या लाडवांचा डबा. म्हणाल्या, "नंदू, पहिलं बाळंतपण माहेरी असतं. आणि तूच तिचं माहेर." त्याच रिक्षानं परत गेल्यासुद्धा.

आता माझी खोली म्हणजे इथं झोटवाड्यात रजईच्या कारखान्यामागचं कापसाचं कोठार. त्यात मी जैसलमेरला निघालेला, ट्रकवाल्याशी बोलणं झालेलं, होल्डॉल पसरलेला. पिंकीनं त्यात गिरक्या घेतल्या, माझा स्वेटर उकरला आणि तिथंच मुक्काम ठोकला. खोकं दिलं, टोपली दिली, ढुंकून बघेना.

जनावरांच्या डॉक्टरांनी तिचं पोट चाचपलं. एवढ्याशा जिवाला पिल्लं फार मोठी आहेत, अडू शकतात, म्हणाले. लाडू बंद (ते मला संपवावे लागले), थोडं थोडं खायला द्यायचं, आणि कळा देऊनही पिल्लू येईना तर तशीच उचलून आणायची. काकू तर शपथेवर सांगतात की नवरदेव विम्याच्या साहेबांकडचा, पिंकीएवढाच, पांढराशुभ्र. माझा चेहरा बघून डॉक्टर म्हणाले, "भैया, और कुछ मत करो. बस, पास बैठे रहो." ताई, एका जागी बसणं तेवढंच मला कधी जमलं नाही, तू जाणतेस. ट्रक गेला. मी बसलोय. तिनं खाणं सोडलंय, धापा टाकतेय, मधूनच माझा अंगठा चाटतेय. अंगठा सोडेना (लिहायच्या हाताचा), म्हणून थांबतो.

तुझा नंदू

ता. क. सुटली एकदाची. तीन पिल्लं. मधलं अडलं होतं. तिला उचलून रिक्षा शोधायला धावलो तर उंबऱ्यातच झालं, माझ्या स्वेटरमध्ये. सगळी ठणठणीत, आणि सगळी कोळशासारखी काळी.

ता. क. पुन्हा: लिहायचं होतं ते खरं हे. पिल्लं आईचं दूध सोडतील तेव्हा एक तुझ्याकडे घेऊन येतो. त्याच्याबरोबर मीही थोडे दिवस राहीन म्हणतो. भाऊजींना आधी पिल्लाचं सांग, मग माझं.

ता. क. शेवटचा (कडेनं लिहितोय, जागा संपली): पत्र चिकटवणार तेवढ्यात कोणीतरी दार खरवडलं. उघडलं तर आनंदरावांच्या गल्लीतला काळा कुत्रा, पिंकीच्या दुप्पट, एक कान फाटका, तिकडून इथवर चालत आलेला. पिंकी भुंकली नाही, नुसती शेपूट हलवली. जावई पहिल्यांदा घरी आले की काय करतात ते उलट टपाली कळव, आणि काकूंना काय सांगायचं तेही. तूर्त अर्धी भाकरी वाढली आहे. जाण्याचं लक्षण दिसत नाही.