हमखास वीस प्रश्न

३ जुलै
कॉलेजात नाव घातलं. वय बेचाळीस, प्रथम वर्ष, विषय अर्थशास्त्र. कॉलेजच्या फाटकासमोर पंधरा वर्षं माझं झेरॉक्सचं दुकान आहे. मायक्रो-मॅक्रोच्या नोट्स हजार वेळा तरी हाताखालून गेल्या असतील. म्हणजे शिक्षण झालंच आहे, डिग्री तेवढी घ्यायची. हल्ली मुलं फोनवर वाचतात, धंदा बसत चाललाय. डिग्री मिळाली की क्लास काढणार.
बायको म्हणाली, नोट्स हाताखालून गेल्यात, डोक्यातून नाही. सक्काळी सक्काळी तिला असं काहीतरी सुचतं.
संकल्प: रोज पाचला उठून अभ्यास.

४ जुलै, सकाळी ८.४०
उठलो.

११ जुलै
अभ्यासाचं धोरण ठरलं. मायक्रो म्हणजे लहान, आठवड्यात आटपेल. मॅक्रो मोठा, त्याला दिवाळखोरी, बेकारी, महागाई असले विषय आहेत, ते आपण अनुभवाने लिहू. वेळापत्रक तीन रंगांत केलं. त्यात संध्याकाळ गेली.
मी वर्गात असतो तेव्हा दुकान बायको सांभाळते. तिलाही जरा विरंगुळा.

२ ऑगस्ट
आज मॅडमशी खटका. त्या माझ्यापेक्षा बारा-तेरा वर्षांनी लहान, नवीनच लागल्यात. फळ्यावर मागणीची रेषा काढली ती डावीकडून उजवीकडे खाली उतरणारी. मी उठून सांगितलं की मागणी वाढली की भाव वाढतो, हे शेंबडं पोरही सांगेल, तेव्हा रेषा वर जायला हवी. मॅडमनी दहा मिनिटं समजावलं. भाव बदलल्यावर मागणी काय करते ते रेषा दाखवते, असं काहीसं. पोरं हसत होती. मी मान डोलावली. लहान माणसाचा मान ठेवावा.
पण रेषा वरच जाते.

२० ऑगस्ट
लवचिकता शिकवली. वस्तू गरजेची असेल तर भाव वाढवला तरी गिऱ्हाईक हलत नाही. दुकानात येऊन लगेच प्रयोग. चाचणी परीक्षा तोंडावर, नोट्स गरजेच्या, पानाचा भाव दीडपट केला. चार मुलं काउंटरवर वाकली, समोर ठेवलेल्या नोट्सचे फोनवर फोटो काढले, आणि आभार मानून गेली.
बायको म्हणाली, तुमच्या पुस्तकातलं काय ते मला कळत नाही, पण पोरं निघून गेली एवढं दिसलं.
ही जागतिक मंदी आहे. मॅक्रोत येईल.

१४ सप्टेंबर
मोठा शोध! माळ्यावर पंधरा वर्षांच्या जुन्या प्रश्नपत्रिका आहेत. त्या जमिनीवर पसरून बसलो. प्रश्न फिरून फिरून येतात. व्यापारचक्र असतं तसं प्रश्नचक्र. यंदाचे वीस प्रश्न बसल्या जागी निघाले. उत्तरं मीच लिहिली, जुन्या नोट्स आणि स्वतःची बुद्धी वापरून. आकृत्याही मीच काढल्या. मुखपृष्ठावर: ‘हमखास वीस’.
या भानगडीत वर्गातले दोन तास बुडाले. मॅडमनी म्हणे अभ्यासक्रमाबद्दल काही सूचना दिली.

२१ सप्टेंबर
पहिल्या प्रती संपल्या! वर्गातली बेकरीवालीही घेऊन गेली. ती पहाटेपासून दुपारपर्यंत बेकरीच्या काउंटरवर असते आणि तशीच पळत वर्गात येते. बाहीला पीठ, डोळ्यांत झोप. तिला फी माफी आहे, पण अट अशी की एकही पेपर राहता कामा नये. राहिला तर माफी रद्द, आणि भावानं आधीच बजावलंय की मग कॉलेज बंद. तिनं विचारलं, ‘काका, मॅडम म्हणाल्या यंदा पेपरची पद्धत बदललीय. हे वीस पुरतील ना?’
मी म्हणालो, ‘मी आहे ना!’
या तीन शब्दांनी माणसाला केवढा धीर येतो. तिचा चेहराच बदलला. पुस्तक वाचायला वेळच मिळत नव्हता, म्हणाली. शिक्षकाचा पिंड असावा लागतो.

१५ ऑक्टोबर
बायको दोन दिवस बोलत नाही. तिचं म्हणणं, न वाचलेल्या पुस्तकाची उत्तरं विकू नयेत. मी सांगितलं, डॉक्टर काय प्रत्येक औषध आधी स्वतः घेतो? ती म्हणाली, डॉक्टर निदान डॉक्टर असतो.

४ नोव्हेंबर
परीक्षेला आठ दिवस. केवळ कुतूहल म्हणून पुस्तक उघडलं. प्रत्येक धड्याच्या शेवटी आकडेवारीची कोष्टकं, आणि ‘यावरून निष्कर्ष काढा’. माझ्या विसातलं एकही वाक्य सापडेना. पुन्हा पहिल्या पानापासून शोधलं. आवृत्ती चुकीची असावी.
पुस्तक मिटलं.

६ नोव्हेंबर
बेकरीवाली दुकानाकडे येताना दिसली. मी मशीनमागे खाली वाकलो. कागद अडकला होता. म्हणजे नव्हता, पण अडकू शकला असता. तिनं बायकोला विचारलं की काका आहेत का, अकरावा प्रश्न नीट कळत नाहीये. बायकोनं माझ्याकडे पाहिलं. मी हातानं ‘नाही’ म्हटलं. बायको म्हणाली, ‘ते आहेत, पण त्यांनाही कळत नसेल. तू मॅडमना विचार, बाळा.’ तिला वाटलं थट्टा आहे. हसली आणि बेकरीतली पाळी संपायची होती म्हणून पळाली.
आता सांगून तिचं खच्चीकरण कशाला? परीक्षेच्या तोंडावर आत्मविश्वास महत्त्वाचा.
झोप लागत नाही. हवामान.

१२ नोव्हेंबर
मायक्रो झाला. पहिल्याच प्रश्नात कोष्टक: भाव आणि विकले गेलेले नग, रेषा काढा, गणित करा. विसांपैकी एकच प्रश्न आला, मागणीच्या रेषेचा. मी दोन पुरवण्या मागितल्या, सुपरवायझरवर छाप पडावी म्हणून. दुसरी कोरीच जोडली.
बेकरीवाली माझ्या दोन बाकं पुढे. तिनं पेपर वाचला, उलटा करून वाचला, पुन्हा सुलटा केला. मग खोडरबरानं काहीतरी बराच वेळ खोडत होती. मागे वळून पाहिलं नाही. बरं झालं.

१५ नोव्हेंबर
मॅक्रोही झाला. बेकारीवरच्या उत्तरात स्वतःच्या दुकानाचं उदाहरण दिलं. परीक्षक नक्की हलला असेल.

१८ डिसेंबर
निकाल. मायक्रो चौदा, मॅक्रो नऊ. तपासण्यात गडबड उघड आहे. उत्तरपत्रिकेच्या झेरॉक्ससाठी अर्ज केला.
बेकरीवाली मॅक्रोत पास. मायक्रोत छत्तीस. चाळीस लागतात.

२२ डिसेंबर
मॅडमनी स्टाफरूममध्ये बोलावलं. मी तक्रारींचे मुद्दे लिहून नेले होते, पाच. मॅडमनी टेबलावर उत्तरपत्रिका मांडल्या, नावं झाकून. अकरा. अकराही जणांची मागणीची रेषा वर चढत गेलेली. खाली अक्षर अन् अक्षर तेच उत्तर. त्यात ‘उपयोगिता’ हा शब्द मी घाईत चुकीचा लिहिला होता, तोही अकरा जणांनी तसाच चुकीचा लिहिलेला.
मॅडमनी विचारलं, ‘हे तुमचं ना?’
मी म्हणालो, मुलांनी स्वतः विचार करायला हवा होता. मॅडम म्हणाल्या, ‘हो. आणि तुम्ही?’
मुद्दे खिशातच राहिले. त्या रेषेला पाच गुण होते.

२३ डिसेंबर
बेकरीत गेलो. बोलायचं पाठ केलं होतं. काउंटरवर रांग. माझा नंबर आला तेव्हा तिनं मान वर न करता विचारलं, ‘काय देऊ?’ मी एक ब्रेड सांगितला. मग म्हणालो की ती आकृती चुकीची होती, चूक माझी.
ती ब्रेड कागदात गुंडाळत होती. म्हणाली, ‘मला माहीत होतं, काका. मॅडमनी शिकवलेली मी पेपरात बरोबर काढली होती. मग आठवलं, तुम्ही किती खात्रीनं सांगितलं होतंत. म्हटलं, मीच चुकत असेन. खोडली आणि तुमची काढली.’
हे ती रागावून म्हणाली नाही. रागावली असती तर बरं.
मागच्या बाईंनी घाई केली. मी बाजूला झालो.

२७ डिसेंबर
फी माफीच्या समितीला पत्र लिहिलं: चूक विद्यार्थिनीची नाही, माझी आहे. बायकोनं वाचलं, दोन शब्द सुधारले, माझ्याबरोबर ऑफिसपर्यंत आली. क्लार्कनं शिक्का मारून घेतलं. म्हणाला, समिती गुण बघते, कारणं बघत नाही. तरी ठेवतो.

९ जानेवारी
उत्तर आलं. नियमात बसत नाही.
बेकरीवाली आता दोन्ही पाळ्या करते. बायको तिला भेटून आली. फेरपरीक्षेचा फॉर्म घेऊन गेली होती. पोरीनं तो गल्ल्याखाली ठेवून दिला, भरते की नाही सांगितलं नाही.
मी ‘हमखास वीस’ची मूळ प्रत फाडली.

१० जानेवारी, दुपार
मागच्या बाकावरचा मुलगा दुकानात आला. तोही अकरांतलाच असावा. विचारू लागला, फेरपरीक्षेचे वीस प्रश्न कधी निघणार. मी म्हणालो, निघणार नाहीत. मला अर्थशास्त्र येत नाही.
तो हसला. म्हणाला, ‘काका, उगाच भाव खाऊ नका.’
आणि दोन प्रती सांगून गेला.