शनिवारी दोन ठिकाणी

देगू, सोमवार

प्रिय ताई,

तुला आणि आईला इथूनच वाकून नमस्कार. तू पाठवलेली कोबीची किमची पोचली, डबा फुटला नाही.

मी मजेत आहे. चव्वेचाळिसाव्या वर्षी फार्मसीच्या पहिल्या वर्गात बसलेलं माणूस मजेतच असतं. गावोगाव म्हाताऱ्यांची औषधं तपासणाऱ्या विद्यार्थी मंडळात शिरले. वरच्या वर्गातल्या बावीस वर्षांच्या पोरीपुढे मी खालच्या वर्गातली म्हणून रीतीप्रमाणे कमरेत वाकते, तर माझं वय बघून तीच माझ्याहून खाली वाकते. मला काम सांगायची सगळ्यांना लाज वाटली, म्हणून मला अध्यक्षच केलं. "तुम्ही नुसत्या बसा हो!" बसले, आणि शरीरशास्त्रात नापास झाले.

फेरपरीक्षा शनिवारी आहे. हुकली तर अख्खं वर्ष पुन्हा. आणि शनिवारीच मंडळ आपल्या गावी येतंय. आईने गावभर सांगितलं असेल ना, लेक पांढरा कोट घालून येणार म्हणून?

परीक्षा द्यावी, एवढं मलाही कळतं. पण बाबा जाऊन तीन वर्षं झाली, त्यांच्या उरलेल्या गोळ्या आई अजून घेते का गं? त्या गोळ्यांची पिशवी ती मंडळातल्या एखाद्या परक्या पोरीसमोर उघडेल? हो, उघडेल म्हणालीस तर परीक्षेला बसते. फक्त माझी परीक्षा हुकू नये म्हणून हो म्हणू नकोस.

तुझी गोंधळलेली,
ह्योसून